काही करू नका

त्या वर्षी विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं की बाईने बादली आत सोडावी, घरी जावं, चुलीवर आधण ठेवावं, सासूशी थोडं भांडून घ्यावं आणि परत येऊन पाहावं, तर बादली नुकती कुठे पाण्याला टेकत असे. हे थोडं वाढवून सांगितलंय, पण फार नाही. खरी गोष्ट अशी की गावातले सगळे दोर तोकडे पडले. लोकांनी आधी जुन्याला जुना जोडून पाहिला. गाठी रहाटात अडकल्या, बादल्या अधांतरी लोंबू लागल्या. शेवटी सगळं गाव दोरकऱ्याच्या दारात येऊन बसलं.

"सगळ्यांचं करपलं आणि तुमचं तेवढं पिकलं," फौजदारीण म्हणाली.

फौजदारिणीच्या माहेरी, सासरी, सात पिढ्यांत कुणी फौजदार नव्हता. पण शेजारणीच्या कोंबडीने दुसऱ्याच्या अंगणात अंडं घातलं तर संध्याकाळपर्यंत तिची चौकशी पुरी होऊन कोंबडीला समज मिळालेली असे. म्हणून ते नाव.

दोरकऱ्याच्या बायकोने हसून घेतलं. तिला हसायला वेळ नव्हता, पण न हसायला तर त्याहून जास्त वेळ लागला असता.

त्यांचा कारखाना म्हणजे गावची मोठी गल्ली. दारासमोर खांबाला दोर वळायचं चाक. नवरा चाक फिरवायचा आणि बायको कमरेला घायपाताच्या वाखाचा, म्हणजे पानांतून काढलेल्या तंतूंचा, भारा बांधून, चिमटीतून धागा सोडत सोडत उलट्या पावली मागे जायची. जितका लांब दोर, तितकं लांब मागे. एकदा पीळ चढायला लागला की हात सोडायची सोय नाही. सोडला की सगळा पीळ फणकन उलटतो आणि सकाळची मेहनत पिंजलेल्या केसांसारखी रस्त्यावर पडते. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. माशी बसली तर बसू द्यायची. आणि पोर कुठे गेली हे बघायचं असेल तर नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

पोर आठ-नऊ वर्षांची होती. अंगणात गोल गोल फिरायची, पडेपर्यंत, म्हणून गावाने तिला भिंगरी म्हटलं. बोलायची थोडं, तेही आपल्या मनाला येईल तेव्हा. पांढरा कोरडा भात, त्याच एका पत्र्याच्या ताटलीत. मोठा आवाज झाला की कानांवर हात आणि थेट खाटेखाली. कुणी हलका हात लावला तर चटका बसल्यासारखी किंचाळायची. आईने घट्ट आवळून धरलं तर मात्र गप्प व्हायची. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, याला ऑटिझम म्हणतात. हा काही ताप नव्हे, औषधाने उतरायला. मूल असंच घडलंय. तिच्या कलाने घ्या.

दोरकरणीने येऊन हे गावाला सांगितलं. गाव प्रेमळ होतं, आणि सगळी भानगड तिथेच होती.

"तू काम कर. पोरीकडे आम्ही बघतो," फौजदारीण म्हणाली. "एक दिवस एक घर. गावाची लेक आहे ती."

पहिल्या दिवशी गिरणीवाल्याने तिला नेलं आणि गिरणीच्या पट्ट्याजवळ उंच पोत्यावर बसवलं. सगळ्या पोरांना गिरणी आवडते. शिंप्याने रंगीत चिंध्यांची माळ गळ्यात घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा गालगुच्चा घ्यायला लावला. फौजदारिणीने तर तिची हनुवटी धरून सबंध दुपार घालवली. "माझ्या डोळ्यात बघ. बघ म्हणते ना. अगं, माझ्या डोळ्यात बघून भले भले सुतासारखे सरळ झाले." तिचंही खोटं नव्हतं. तिचा नवरा झाला होता.

संध्याकाळी पोर घरी यायची ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. ताटली भिरकावायची. खांबावर डोकं आपटायची. सासूबाई वाख विंचरता विंचरता म्हणायच्या, "सोसायला शिकेल हळूहळू. लोक आपुलकीनेच करतात." दोरकरी काहीच म्हणायचा नाही. चाक फिरवून त्याच्या खांद्याची वाटी इतकी दुखायची की बोलायचं म्हटलं तरी खांदा उडवावा लागेल, या भीतीने तो गप्प बसे.

आणि दोरकरणीने "उद्या नको नेऊ" म्हटलं, तर समोरची बाई दुखावून पाहायची. "का गं? माझ्या घरात काय काटे आहेत?" मग पाणवठ्यावर कुजबुज. काय ऐट आहे. आपण पोर सांभाळायची आणि वर हिची नाराजी सांभाळायची. दोरकरीण बादली भरताना ते सगळं ऐकायची आणि ऐकलं नाही असं दाखवायची. त्या कलेत ती इतकी तयार झाली होती की कधी कधी खरंच कुणी हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही.

एका संध्याकाळी भिंगरी घरी आली ती स्वतःच्या मनगटाचा लचका तोडून. दातांच्या खुणांमधून रक्त येत होतं. सोबत आलेला गिरणीवाला अपराध्यासारखा उभा होता. "काही नाही हो वहिनी. जरा ओळीने सगळ्यांना टाटा करायला शिकवत होतो तिला."

दोरकरणीने कमरेचा भारासुद्धा सोडला नाही. तशीच गिरणीपाशी गेली. दळण घेऊन आलेलं निम्मं गाव तिथे उभं होतं.

"एक मागते," ती म्हणाली.

गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. गिरणीवाल्याने धावत जाऊन गिरणी बंद केली. आता सगळं फारच ऐकू येऊ लागलं.

"काही करू नका. एवढंच मागते. तिला हाक मारू नका, हात लावू नका, घास भरवू नका, शिकवू नका. रस्त्याने चालली तर चालू द्या. ती समोरून गेली की आपण भिंत आहोत असं समजा."

"भिंत," फौजदारीण म्हणाली.

"हो, काकू. भिंत."

फौजदारिणीने पदर खोचला. "ठीक आहे. भिंत तर भिंत. पण मग नीट भिंत होऊ हो आम्ही. नंतर म्हणायचं नाही."

आता त्या गावाची एक खोड होती. एखादी गोष्ट अंगावर घेतली की ते ती पार टोकाला नेई. मागे कुणीतरी अंगणं स्वच्छ ठेवा म्हणाला, तर लोकांनी झाडून झाडून अंगणं दोन पायऱ्या खाली नेली होती. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी गल्लीत आली की शिंपी मशीन थांबवून मान खाली घालायचा. बायका बोलता बोलता शब्दाच्या मधोमध गप्प व्हायच्या आणि ती पुढे गेली की उरलेला अर्धा शब्द बोलायच्या. एका म्हाताऱ्याने तर आलेली शिंक अशी दाबली म्हणे की त्याच्या टोपीने जागा सोडली.

आणि चमत्कार असा की ते लागू पडलं. भिंगरी गल्लीतून हुंकार देत चालायची. मध्येच थांबून, तयार होणाऱ्या दोराला कान लावायची. पीळ चढताना दोर आतून गुणगुणतो, ते तिला आवडायचं. रात्री झोपायची. मनगटावर खपली धरली. दोरकरणीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळे वर न करता सबंध पेड वळला. तिला वाटलं, झालं. सापडली युक्ती.

मग वरच्या वस्तीचा दोर आला. ती वस्ती टेकाडावर, तिथली विहीर गावातल्या सगळ्या विहिरींची आजी. मनगटाएवढा जाड आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरून उरेल असा दोर हवा होता. तो पुरा झाला त्या सकाळी गाडीवानाने रिवाजाप्रमाणे एक टोक गाडीच्या मागे बांधलं. नवा दोर गुंडाळून नेत नाहीत, ओढत नेतात. वाटेत त्याची टोचरी कुसं झडतात, पिळाची अढी निघते. बैल हलले. दोर गल्लीतून सरसरत निघाला. दोरकरीण मागच्या अंगणात पुढच्या दोराचा वाख भिजत घालायला गेली. भारे बरेच होते, त्यातच दोन-तीन तास गेले. एवढंच.

परत आली तर अंगण रिकामं.

"खाटेखाली आहे," सासूबाई म्हणाल्या.

खाटेखाली नव्हती.

दोरकरीण गल्लीत आली. शिंपी मान खाली घालून काज करत होता.

"भाऊजी, भिंगरी दिसली का?"

"गेली की. मी पाहिलंच नाही."

"पाहिलं नाही तर गेली हे कसं कळलं?"

"म्हणजे पाहिलं," शिंपी म्हणाला, "पण भिंतीसारखं."

गिरणीवाला तर शाबासकीसाठीच उंबऱ्यावर उभा असल्यासारखा होता. "दोराचं मागचं टोक धरून गेली, वहिनी. काय सुंदर चालत होती. मी हूं का चूं केलं नाही."

"गावाबाहेर गेली?"

"गाडी गेली म्हणजे तीही गेली असणार."

गावाच्या तोंडाशी फौजदारिणीचं घर. ती दारातच होती, कमरेवर हात देऊन. "अनवाणी होती. डोक्यावर फडकं नाही. ऊन हे असं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. जीभ टाळ्याला चिकटवून ठेवली मी. विचार कुणालाही."

दोरकरणीने तोंड उघडलं. कुणाला काय म्हणायचं? ज्याने त्याने तिने सांगितलं तेच केलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. शिव्या तिच्या ओठांपर्यंत येत होत्या आणि तिथे आल्यावर कुणाच्या नावाने बाहेर पडायचं ते न कळून परत जात होत्या. शेवटी ती धावत सुटली.

वाटेवर धुळीत दोराचा लांबच लांब ओरखडा उमटला होता. त्याच्या बाजूने छोटी पावलं. कुठे दोन्ही पावलं जवळजवळ, कुठे फरफटल्यासारखी. एका ठिकाणी गुडघे टेकल्याच्या दोन खळग्या आणि पुढे पुन्हा पावलं. टेकाडावर एक झाड नव्हतं. दोरकरणीच्या कमरेला ओल्या वाखाचा भारा तसाच होता. पाणी मांड्यांवरून गळत होतं आणि खाली पोचायच्या आत वाळत होतं. आपण तो सोडून टाकू शकतो हे तिला अर्धा चढ चढल्यावर सुचलं आणि तेव्हा गाठ सोडायला थांबवेना.

वरच्या वस्तीच्या सावलीत गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता.

"अहो, तुम्ही तरी," ती म्हणाली. पुढचं धापेत गेलं.

"वहिनी, मला काय मान वळवता येत नाही? पाहिलं की मी. पण गावात काय ठरलंय ते मलाही ठाऊक आहे." त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "हळू हाकले पण. तिची पावलं बघून हाकले. एरवी सकाळच्या चहाला इथे असतो. आज सूर्य डोक्यावर आला."

त्याच्या थोबाडीत द्यावी की त्याचे आभार मानावेत, हे ठरवायच्या आत विहिरीकडून किंकाळी आली.

भिंगरी विहिरीच्या कठड्यावर पालथी पडली होती. कमरेपर्यंतचं अंग आत. दोन मुठींत दोराचं टोक. दोर रहाटावरून अर्धा खाली उतरला होता आणि आतल्या टोकाला मोठी बादली लोंबत होती. एका दांडग्या माणसाने दोर मध्येच पकडून रोखला होता. दुसऱ्याने पोरीची तंगडी धरली होती आणि ती लाथा झाडत होती. एक म्हातारी बाजूला उभी राहून दोघांना सांगत होती आणि दोघांपैकी एकही ऐकत नव्हता.

"पाय सोडा तिचा," दोरकरीण म्हणाली.

"सोडला तर जाईल आत. तू कोण?"

"आई. मी धरते. तुम्ही सोडा."

ती कठड्यावर आडवी बसली, एक पाय विहिरीच्या बाजूला. पोरीच्या कमरेभोवती दोन्ही हातांचं कडं घालून तिने आवळलं, दोर वळताना आवळावं तसं. किंकाळी अर्धी झाली. पोरीच्या मुठींतून, दोरावर, लाल ओल दिसत होती.

"तिला म्हणावं टोक सोड," दांडगा म्हणाला. "हात भरून आलेत माझे."

"दोर संपेपर्यंत ती सोडणार नाही. तुम्ही सोडा. हळूहळू, हातभर हातभर. सगळा आत जाऊ द्या."

"सगळा?"

"सगळा."

"आणि टोकही आत गेल्यावर? वर कोण काढणार, तुझा बाप? पाण्यापर्यंत उतरायला शिडीसुद्धा पुरत नाही इथे."

"मी दुसरा करून देते."

"तोवर वस्तीने प्यायचं काय?"

"सोडा," ती पुन्हा म्हणाली. म्हातारीने त्या माणसाच्या पाठीत बुक्की घातली. "सोड रे. पोर आहे ती. दोर काय, आणखी होईल."

त्याने सोडायला सुरुवात केली. दोर रहाटावरून करकरत उतरू लागला. भिंगरी गप्प झाली. वरून तो किती उरलाय, खाली किती गेलाय, तिचे डोळे मागेपुढे होत होते. खाली कुठेतरी खोल बादली पाण्याला टेकली. दोर ढिला होऊनही जातच राहिला. आपले नि नवऱ्याचे कितीतरी दिवस असे सरसरत अंधारात जाताना दोरकरणीने पाहिले आणि हाताचं कडं आणखी आवळलं. शेवटचा झुपका मुठीपाशी आला. भिंगरीने बोटं उघडली. टोक रहाटावरून उडालं आणि नाहीसं झालं. बऱ्याच वेळाने आवाज आला.

"संपला," भिंगरी म्हणाली आणि आपणहून कठड्यावरून उतरली.

परतताना दोघी गाडीत होत्या. वरच्या वस्तीचा दांडगा वाटेपर्यंत सोबत येऊन बोलत राहिला. आठवड्यात दोर नाही आला तर बघ, पुन्हा तुमच्याकडचं काही घेणार नाही, असली पोरं बांधून ठेवतात, दोरकऱ्याच्या घरात दोराला काय तोटा. हे शेवटचं बोलून तो स्वतःच हसला. दोरकरीण पोरीच्या तळव्यांवर ओलं फडकं धरून बसली होती. सालटी निघालेल्या त्या तळव्यांवर तिने ते आणखी घट्ट आवळलं.

गावाच्या तोंडाशी सगळे उभे. दोरकरी पुढे. त्याने पोरीला पाहिलं, मग बायकोला, मग रिकाम्या गाडीकडे.

"दोर?"

"विहिरीत."

त्याने फक्त खांदा चोळला.

आणि मग गाव बोललं. सगळं एकदम. किती दिवसांचं साठलं होतं.

"आम्ही आधी सांभाळत होतो ते चुकलं," शिंपी म्हणाला. "मग नाही सांभाळलं तेही चुकलं. आमचं बरोबर कधी असतं ते एकदा सांगा."

"तूच म्हणालीस ना, काही करू नका," फौजदारीण म्हणाली. तिचा आवाज चौकशीचा नव्हता, चिरकला होता. "सकाळपासून घास गेला नाही माझ्या पोटात. मी ओरडले असते तर पोर थांबली असती की आणखी पळाली असती, मला काय कळतं? तू घटकेत एक सांगतेस, घटकेत दुसरं. नीट सांग काय करायचं."

दोरकरीण गाडीतून उतरली. सांगायला तिच्याकडे काय होतं? एखादी कळ असती तर तिने आधी आपल्या घरात दाबली नसती का? पण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हैस बसली असली ना रस्त्यात," ती शेवटी म्हणाली, "की ही तिला वळसा घालत नाही. समोर थांबते. बघत बसते. गावाबाहेर जायला लागली तर वाटेत खाली बसा. बोलू नका, धरू नका. नुसते बसा. कुणीतरी मला बोलावेपर्यंत."



"म्हणजे आधी भिंत," फौजदारीण म्हणाली, "आणि आता म्हैस."

"हो, काकू."

"वरच्या वस्तीहून म्हशी बोलवायच्या का, गावात आहेत तेवढ्या पुरतील?" गिरणीवाला पुटपुटला आणि फौजदारिणीने नुसतं पाहिल्यावर गिरणीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वस्तीचा दोर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. सासूबाईंनी विंचरलेला वाख कमरेला बांधून दोरकरीण चाकाच्या आकड्यापासून उलट्या पावली निघाली. चाक गरगरू लागलं. भिंगरी तळव्यांना फडकी बांधून अंगणात दोन फेऱ्या मारून गल्लीत आली, आणि चाकापलीकडे, गावाच्या तोंडाकडे चालू लागली. दोरकरणीला ती नवऱ्याच्या डोक्यावरून दिसत होती. हातात धागा. पीळ चढलेला.

शिंप्याने पाहिलं, मशीनवरून उठला आणि मग त्याचा धीर झाला नाही. भिंगरी पुढे गेली. फौजदारीण दारात होती. तिने इकडे तिकडे पाहिलं, लुगडं सावरलं, एक हात गुडघ्यावर आणि एक जमिनीवर टेकून कण्हत कण्हत ती भर रस्त्यात धुळीत बसली. मागून आलेली एक सायकल तिला वळसा घालून गेली आणि सायकलवाला पुढे जाऊनही मागे वळून बघत राहिला.

भिंगरी थांबली. दोन हातांच्या अंतरावर. बघत राहिली.

फौजदारिणीने ओठ मिटले होते. ते मिटलेले ओठ हलू लागले, गाल फुगले, मान ताठ झाली. आख्ख्या जन्माची सवय तिच्या गळ्यात अडकून बसली होती.

"हात फार दुखतो का गं, बाळा?" फौजदारीण म्हणाली.

भिंगरीने कान दाबले आणि किंचाळायला लागली.

चाक क्षणभर अडखळलं. दोरकऱ्याने मागे वळून पाहिलं. "फिरवा," दोरकरीण दात आवळून म्हणाली. "फिरवत राहा." तिकडे फौजदारिणीने स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली आणि पदराचा बोळा दातांत धरला. उठली मात्र नाही. किंचाळणारी पोर आणि तोंडात पदर कोंबलेली म्हातारी, एकमेकींसमोर, उन्हात. भिंगरीने कान सोडले नाहीत, किंचाळणं सोडलं नाही आणि पाऊलही पुढे टाकलं नाही.

पेड लांब होत होता. दोरकरणीला मागेच जावं लागत होतं. ती पाऊल पाऊल मागे जात राहिली. त्या दोघी लहान लहान होत गेल्या, आणि आवाज तेवढाच राहिला.